अक्षरांवरच्या खुणा

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, शाळेत तमिळ. त्यामुळे आजीची पत्रं मराठीत, पण तमिळ लिपीत असत. त्या लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, म्हणून ‘काय’ आणि ‘गाय’ कागदावर सारखेच दिसत. आमचं कधी अडलं नाही. तिचा आवाज कानात होता.

पुढे मोडी शिकून सरस्वती महाल ग्रंथालयातले दरबारी कागद वाचू लागले. मोडी धावती, तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. लिहिणारा नि वाचणारा एकाच कचेरीतले, म्हणून भागत असे. तंजावरचे राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या भोसले घराण्याचा इतिहास कोरवला, तो मात्र देवनागरीत. दगड तर परकाही वाचणार.

नोकरीसाठी पुदुच्चेरीला गेले आणि फ्रेंच शिकले. तिथे ‘किंवा’ आणि ‘कुठे’ या दोन्ही अर्थांच्या शब्दांचा उच्चार ‘ऊ’च, लिहिताना त्यांना वेगळं करते ती रोमन ‘यू’वरची डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ. ‘ई’वर चढती रेघ असली की ‘ए’ म्हणायचं. सरस्वती महालातल्या सरफोजींच्या संग्रहात लाव्वाझिएचा 1789 चा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ आहे, ‘त्रेते एलेमांतेर द शिमी’. या नावात अशा तीन चढत्या रेघा आहेत. त्या पुसल्या तर ‘ए’ कुठे म्हणायचा, हे नवख्याला कळणार नाही.

‘ओपिताल’ म्हणजे इस्पितळ. त्यातल्या ‘ओ’वर छोटी टोपी असते. तिथे पूर्वी ‘एस’ होता. फ्रेंच अकादमीने 1740 च्या कोशात असे मुके ‘एस’ गाळले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी टोपी आली. आपल्या ‘नांव’वरचा अनुस्वारही ‘नाम’मधल्या म-ची आठवण होता, 1962 च्या लेखननियमांनी तो गेला. उच्चारात नसलेली खूण गेली, याचं मला दुःख नाही. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे करणारी वेलांटी फोनवरच्या घाईत निसटते, तेव्हा वाईट वाटतं.

ओळखीच्या माणसाला अर्ध्या अक्षरावरूनही कळतं. वेलांटी नीट देणं हा मी अनोळखी वाचकाचा मान समजते. 350 वर्षं महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आमच्यातली कितीतरी मुलं यापुढे मराठीला पुस्तकातच भेटतील. त्यांच्या कानात कुणाचाच आवाज नसेल. उच्चार त्यांना या खुणांवरूनच शिकावा लागेल.