मोडक्या पिना

स्टोव्हची पिन मोडणे ही कला मानली, तर आमच्या सांगलीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. १९८४ सालची गोष्ट. गॅसला नंबर लावलेला, तो यायचा होता. मी स्टोव्हशी पिन घेऊन बसलो की तिचे टोक निपलच्या भोकातच राहायचे. मग सौ. म्हणायची, "राहू द्या, मी करते." नवऱ्याला एवढे पुरते!

त्या मे महिन्यात साताऱ्याला सासुरवाडीला गेलो. सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतले निवृत्त आर्मरर. बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांच्यापुढे मी पिनेचा प्रश्न काढणार, तोच टपाल आले. अमेरिकेहून, मेहुण्याचे. घर एकदम चिडीचूप! साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकूनही पठ्ठ्या फौजेत गेला नाही, तेव्हापासून बापलेकांचा अबोला. तीन वर्षांनी पहिले पत्र, आणि त्यात ख्यालीखुशाली नाहीच!

'इथे नेमबाज लोक उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. मीही जुन्या थ्री नॉट थ्रीच्या फौजी पुंगळ्या घेतल्या. बुडातली जळकी टोपी काढताना यंत्राची पिन सारखी मोडते. काय करू?'

(वाचकहो, आपल्याकडे हा छंद परवान्याशिवाय करू नका. १९५९ चा शस्त्र कायदा पाहुणचाराला येईल.)

मामांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग कागदावर दोन वर्तुळे काढली. "जावईबापू, हे बघा. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच भोक. पिन सरळ जाते, टोपी बाहेर. बर्डन पद्धतीत मधोमध ऐरणीसारखा उंचवटा, आणि बाजूला दोन बारीक भोकं. पिन ऐरणीवरच आपटणार. मोडंल नाही तर काय?"

गंमत म्हणजे बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. पण अमेरिकेत चालते बॉक्सरची पद्धत, आणि इंग्रजांच्या फौजी थ्री नॉट थ्रीत बर्डनची!

"म्हणजे दोघांचीही लेकरं परदेशी गेली," मी बोलून गेलो. सौ.ने डोळे वटारले. मामा काहीच बोलले नाहीत. आत जाऊन लिहायला बसले.

पत्र टाकायला माझ्याकडे दिले, तेव्हा पाकीट उघडेच होते. मी वाचले. चार पाने, सगळी पिनेवर. 'प्रत्येक पुंगळीत आधी बॅटरी मारून बघ. दोन भोकं दिसली तर बाजूला ठेव. आत खडा-कचरा नको. पिनेची दांडी काचेवर लोळवून बघ, वाकडी असली तर कळते. तिचा नट ढिला ठेवून बॉक्सरची पुंगळी वर घे, पिन भोकात आपोआप मधोमध बसंल, मग नट आवळ. पिन गरजेपेक्षा जास्त बाहेर ठेवू नको. हाताला अडल्यासारखं वाटलं की थांब.' आणि शेवटी, 'जोर लावण्याआधी आत काय आहे ते बघावं. हे मला तुझ्या बाबतीत उशिरा कळलं.'

मी मुकाट्याने पाकीट चिकटवले.

सांगलीला आल्यावर स्टोव्हच्या निपलमध्ये बॅटरी मारून पाहिले. आत जुनीच मोडकी टोके! निपल चावीने काढून ठोकले, साफ केले, नवी पिन सरळ धरली. निळी ज्योत लागली.

गणपतीत साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा आला. सोबत चिठ्ठी : 'त्याची पिन आता मोडत नाही. दिवाळीला येतोय.' मी लगेच स्वतः चहा केला. सौ.ने घोट घेतला, डोळे पुसले आणि म्हणाली, "साखर विसरलात."