भट्टीचा वास

उसाच्या हंगामात बिदर जिल्ह्यात भालकीकडून हुमनाबादकडे जाताना कारखाना दिसायच्या आधी मळी नाकात शिरते. आंबूस, जड, जळक्या गुळाच्या जवळपासचा वास. परगावचा पाहुणा घाईघाईने काच वर करतो. आमच्याकडचा माणूस ‘गाळप सुरू झालं वाटतं’ एवढंच म्हणतो. माझा मित्र, ज्याला सगळा तालुका अप्पा म्हणून ओळखतो, नोकरीभर अशाच एका कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होता. निवृत्त झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात. अप्पाने जाहीर केलं, ‘गोव्याला जायचं, जिन कशी काढतात ते बघायचं.’ सोबतीला मी. घरात सगळे माळकरी, त्यामुळे सूनबाईंनी विचारलं, ‘बाबा, तुम्ही कशाला?’ म्हटलं, माळ गळ्यात आहे, नाकात नाही.

ज्वारी निघून गेलेली काळी रानं मागे टाकत गुलबर्गा, विजापूर, बेळगाव करत आम्ही चोर्ल्याचा घाट उतरलो. एप्रिल होता. आमच्याकडचं ऊन अंगावर येतं, तिथलं अंगाला चिकटतं.

जिनची डिस्टिलरी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती. आमच्याकडच्या एखाद्या दालमिलपेक्षाही लहान शेड, आत तांब्याचं एकच भांडं, घासून लख्ख केलेलं. भिंतीशी बरण्या होत्या: धने, दालचिनी, ज्येष्ठमध, वेलची, लिंबा-संत्र्याच्या वाळवलेल्या साली. आणि जिच्याशिवाय जिनला जिन म्हणता येत नाही ती ज्युनिपरची निळसर-काळी फळं. आपल्या आयुर्वेदात तिला हपुषा म्हणतात, काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळते. मी एक दाताखाली धरली. राळ आणि पाइनच्या लाकडाचा वास घशापर्यंत गेला.

माहिती सांगणारा पोरगा उत्साही होता, पण अप्पाने त्याला पहिल्याच वाक्यात अडवलं. ‘स्पिरिट कुठून आणता?’ पोरगा जरा थबकला. मूळ अल्कोहोल ते बनवत नव्हते, मोठ्या कारखान्यातून तयार आणत होते. बरेच छोटे जिनवाले असंच करतात. ‘मळीचं का धान्याचं?’ धान्याचं निघालं. अप्पाचा चेहरा मुलीला स्थळाने नकार दिल्यासारखा झाला.

पण मग पोरग्याने काम दाखवलं तसा अप्पा खुलला. 96 टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट पाण्याने सौम्य करायचं, त्यात या बिया-साली भिजत घालायच्या, मग तांब्याच्या भांड्यात पुन्हा तापवायचं. अल्कोहोल 78 अंशांवर उकळतं, त्यामुळे पाण्याच्या आधी ते वाफ होऊन वर जातं आणि जाताना वास घेऊन जातं. सुरुवातीची धार टाकून द्यायची, शेवटची बाजूला काढायची, मधली तेवढी ठेवायची. कुठे थांबायचं हे थर्मामीटर अर्धं सांगतो, उरलेलं नाक. पोरग्याने आमच्या तळहातावर दोन-दोन थेंब टाकले. चोळून हुंगले तेव्हा आधी लिंबू आलं, मग भाजलेले धने, आणि शेवटी ती राळ.

अप्पा तळहाताकडे बघत म्हणाला, ‘जिंदगीभर मी स्पिरिटचा वास काढत बसलो, आन् हे पोरगं त्यात वास घालायलंय बघ!’

या बाटलीला आज जो मान आहे तो तिला जन्मतः मिळालेला नाही. अठराव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांची जिनने धूळधाण केली. हॉगार्थ या चित्रकाराने 1751 साली ‘जिन लेन’ काढलं, त्यात झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली पडतंय. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून जिनविक्रीला वेसण घातली. आता त्याच जिनच्या बाटलीवर फुलापानांची नक्षी असते, आणि पाहुण्यांसमोर ती अभिमानाने ठेवली जाते.

दुसऱ्या दिवशी सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या भट्टीवर गेलो. इथे बरण्या नव्हत्या, सांगणारा पोरगाही नव्हता. डोंगरभर पिकून गळालेली बोंडं बायका वेचून आणत होत्या. झाडावरची तोडत नाहीत, खाली पडलेलीच घेतात. बी पिळून वेगळी काढायची, बोंडं दगडी कोळंबीत पायांनी तुडवायची. चोथ्यावर वजन ठेवलं की जो स्वच्छ रस आपोआप ठिबकतो तो नीरो. तो मी दोन पेले प्यालो, कारण त्यात अजून काही चढलेलं नसतं. तुडवलेला रस तीन-चार दिवस ठेवायचा. वरून यीस्ट घालत नाहीत, हवेत आणि सालीवर जे असेल तेच त्याला आंबवतं. मग तो भाण्यात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, चढतो. पहिल्या खेपेचा उराक, तोच पुन्हा चढवला की फेणी. उराक फक्त या दोनतीन महिन्यांचा पाहुणा. अप्पाने टक्के विचारले, भट्टीवरच्या म्हाताऱ्याने ‘ग्राव’ या तिथल्या मापात उत्तर दिलं, आणि दोघे काचेच्या नळीवर डोकी जुळवून बराच वेळ बसले.

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेलं. तरी 2009 मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. तिथेही काजूच्या डोंगरांचा सरकारी लिलाव होतो, तिथेही माणसं पिऊन बरबाद होतात. पण फेणी घरात राहते. सर्दी झाली, पोट बिघडलं, की आजी फडताळातून बाटली काढते.

आमच्याकडे शिंदी कायम गावाबाहेर राहिली. बिदर-गुलबर्ग्याच्या ओढ्यांकाठी शिंदीची झाडं रग्गड. पहाटे उतरवलेली नीरा लहानपणी मीही प्यायलोय. पण निजामाच्या राज्यात अबकारी हा उत्पन्नाचा मोठा मार्ग होता, आणि झाड, मडकं, दुकान सगळं गुत्तेदाराच्या वहीत. मजुराची दिवसाची कमाई शिंदीखान्यात जायची आणि तिथून सरकारी खजिन्यात. म्हणून 1947 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा निजामाविरुद्धचा लढा पेटला तेव्हा सत्याग्रहींनी शिंदीच्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. हैदराबाद संस्थानात ठिकठिकाणी झाडं पडली. झाड पाडणं म्हणजे निजामाचा खिसा कापणं.

त्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. उलट त्यांच्याचमुळे आपण 17 सप्टेंबरचा मुक्तिदिन साजरा करतो. पुढे सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, आली, तिने गावंच्या गावं खाल्ली, आणि 1 जुलै 2007 पासून कर्नाटकाने तिच्यावर बंदी घातली तेही बरंच झालं. पण कुऱ्हाडीने आणि कायद्याने जे गेलं त्यात एक कसबही गेलं. झाडाला इजा न करता कुठे खाप मारायची, मडकं किती वाजता उतरवायचं, हे हातात असलेली माणसं एकेक करून संपली, आणि त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेतलं नाही. त्यांना विचारायचीच लाज वाटत होती.

बिदरीच्या कामाला मानांकन मिळून वर्षं झाली. गुलबर्ग्याच्या तुरीलाही 2019 मध्ये मिळालं. आमच्या भागातल्या नीरेसाठी कुणी अर्ज करील असं मला वाटत नाही. केलाच, तर त्यावर पहिली सही हा माळकरी करील आणि दुसरी अप्पा.