लुगडं लांब झालंय

"लुगडं पायात येतंय गं बाई. लांब झालंय."

तपासणीच्या टेबलावर चढता चढता आजी हे बोलल्या. मी हसून "जपून चढा" म्हणाले आणि स्टेथोस्कोप त्यांच्या पाठीला लावला. भीमेच्या अलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या एका गावातून त्या सहा वर्षं माझ्याकडे दम्यासाठी येत होत्या. खरं तर तो दमा नव्हता. चुलीच्या धुरानं श्वासनळ्या कायमच्या आकसतात, तो सीओपीडी नावाचा आजार होता. पण गावात खोकला आणि धाप म्हटलं की दमा, आणि मीही त्यांच्याशी बोलताना दमाच म्हणायचे.

त्यानंतरच्या थंडीत मुलानं त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. पहाटे खोकल्याची उबळ आली आणि पाठीत कट्‌कन वाजलं, एवढंच त्या सांगत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या पाठीचा बाजूनं एक्स-रे काढायला सांगितला. छातीच्या मागचे दोन मणके पुढच्या बाजूनं दबून पाचरीसारखे झाले होते. त्यातला एक ताजा होता, दुसरा जुना. म्हणजे लुगडं लांब झालं नव्हतं, आजी बुटक्या झाल्या होत्या. कापड तेवढंच होतं आणि अंग दोन बोटं खाली आलं होतं. त्यांनी ते मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांची फाइल काढली. सहा वर्षांचे एक्स-रे होते, सगळे समोरून काढलेले. प्रत्येक भेटीला वजन लिहिलेलं होतं. उंची एकदाही नव्हती. फुंकून करायच्या तपासणीचे आलेख व्यवस्थित लावलेले होते, आणि मधल्या चार आजारपणांत मी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची नोंदही होती. गावातल्या कुणा बिनपदवीच्या माणसाकडून घेतलेल्या 'दम्याच्या इंजेक्शनां'ची नोंद मात्र कुठंच नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. या लेखाचं मूळ त्या रात्रीच्या फाइलमध्ये आहे.

फुप्फुसाचा आजार हाडात कसा उतरतो, हे आधी सांगते. हाड जिवंत असतं. काही पेशी ते रोज थोडं खणतात आणि दुसऱ्या ते रोज भरतात. धुरानं श्वासनळ्यांना जी सूज येते ती तिथंच थांबत नाही, तिची रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात आणि हाड खणणाऱ्या पेशींना जोर चढतो. त्यात स्टेरॉइडची गोळी आली की भरणाऱ्या पेशी थंडावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे जास्त जातं. त्यात माणूस धापेमुळे उंबऱ्याबाहेर पडेनासा होतो, म्हणजे ऊन नाही आणि हाडावर चालण्याचा भारही नाही. आणि शेवटी ताट. पोट भरलं की छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलला जातो आणि श्वास अडतो, म्हणून हे रुग्ण अर्धी भाकरी खाऊन हात धुतात. घरच्यांना वाटतं, वयानं भूक मेली. भूक असते, पण श्वासाच्या भीतीनं घास मागे राहतो.

चक्र इथंही पुरं होत नाही. मणका दबला की छातीचा पिंजरा आखडतो. पाठीच्या वरच्या भागातला एक मणका दबल्यानं फुप्फुसाची हवा धरण्याची ताकद साधारण 9 टक्क्यांनी घटते, असं 1990 सालापासून आम्हाला माहीत आहे. आजींचे दोन मणके गेले होते. त्यांची धाप वाढली तेव्हा मी इन्हेलरच्या पंपाचा डोस वाढवला होता.

सीओपीडी हा बिडी-सिगारेटचा आजार, असं माझ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहून ठेवलं, की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलं नाही. त्या वेळी धूम्रपान करणारे शंभर कोटींच्या आसपास होते, तर लाकूड, शेण, काडीकचरा जाळून होणाऱ्या धुरात राहणारे तीनशे कोटींच्या घरात. आमच्या भागात ही आकडेवारी डोळ्यांनी दिसते. शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्यात तुराट्या, गोवऱ्या, बाभळीचं सरपण. दौंडच्या उसाच्या पट्ट्यात पाचट आणि चिपाडं. केडगाव-यवतच्या बाजूला हंगामात गुऱ्हाळं पेटली की काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस तासन्‌तास त्या तोंडाशी बसलेला असतो. तोही माझ्याकडे येतो, पण उशिरा, आणि बहुतेक वेळा हंगाम संपल्यावर. हंगामात आजारी पडायला त्याला सवड नसते. गॅस आता बहुतेक घरांत आहे. उज्ज्वला योजना 2016 सालची. तरी अंघोळीचं पाणी, गुरांचा भरडा आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच होते, आणि चुलीपुढची बाई तीच राहते.

फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, या बायकांना फार छान जमते. "फुंका, फुंका, फुंका, अजून फुंका" असं आमचे तंत्रज्ञ ओरडत असतात आणि शहरातले रुग्ण मध्येच सोडून देतात. जन्मभर फुंकणी फुंकलेली बाई शेवटपर्यंत फुंकते. मशीनवर रेष मात्र लवकर वाकते, आणि ती वाकलेली रेष बघताना मला दर वेळी वाईट वाटतं.

वढू बुद्रुक म्हटलं की मराठी माणसाला संभाजी महाराजांची समाधी आठवते. आरोग्य-संशोधनातल्या माणसांना शिरूर तालुक्यातल्या त्याच गावातलं आणखी एक ठिकाण आठवतं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण रुग्णालय आणि संशोधन केंद्र. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात इथं गावागावांतून आरोग्यसेविका तयार करायला सुरुवात केली. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्यामागे हे काम होतं. 2002 पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांची लोकसंख्या इथं नियमानं नोंदवली जाते. दर घरी जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कामाला रांजणगावला आलं आणि कोण परत गावी गेलं. ऐकायला हे तलाठ्याच्या कामासारखं वाटतं. पण अशी वही नसेल तर दवाखान्यात जे येतात त्यांच्यावरूनच अंदाज बांधावा लागतो, आणि चुलवाणावरचा माणूस किंवा उंबऱ्याआड धापणारी आजी त्या अंदाजात कधीच येत नाही. श्वसनाच्या आजारांवरचं कामही या केंद्रात वर्षानुवर्षं चालू आहे.

हाडांबद्दलचा माझ्या मते सगळ्यात मोलाचा अभ्यासही पुणे जिल्ह्यातलाच आहे, आणि तो म्हाताऱ्यांवर झालेला नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. जन्मलेली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर होती, अंगानं बारीक, पण तुलनेनं चरबी राखलेली. त्यातून मधुमेहाबद्दल जे समजलं ते जगभर गाजलं. त्याच मुलांचा हाडांवरचा निबंध 2006 साली आला, आणि तो आमच्या भागातल्या डॉक्टरांनीसुद्धा फारसा वाचलेला नाही. 797 गरोदर बायकांचं ताट नोंदवलेलं होतं. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर 698 मुलांच्या हाडांची घनता डेक्सा मशीनवर मोजली, आईवडिलांचीही मोजली. ज्या आयांनी गरोदरपणात दूध, दुधाचे पदार्थ, डाळी, पालेभाजी, फळं, अंडी-मटण असे कॅल्शियम देणारे पदार्थ जास्त वेळा खाल्ले, त्यांच्या मुलांची हाडं सहाव्या वर्षी जास्त भरीव होती. ज्या आयांच्या रक्तात फोलेट चांगलं होतं, त्यांच्याही मुलांची. वडिलांच्या हाडांचा वारसाही आईच्या वारशाइतकाच दिसला.

मी त्या अभ्यासात नव्हते. पण तो वाचताना मला आजींची आई दिसत होती. कुठल्या तरी दुष्काळातल्या वर्षी पोटुशी असलेली, बाजरीची भाकरी आणि लाल चटणीवर दिवस काढणारी. आजींच्या मणक्यांचा पाया तेव्हा भरला जात होता. त्यानंतर चूल आली, मग धाप आली, मग माझ्या गोळ्या आल्या.

वढूचं श्वसनावरचं काम आणि हाडांवरचा हा अभ्यास, या दोहोंची गाठ अजून कुणी नीट बांधलेली नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या गाठीबद्दल आहे. परदेशात सीओपीडी आणि हाडांवर बरंच काम झालं आहे. टॉर्च नावाच्या मोठ्या औषध-चाचणीत अमेरिकेतल्या साडेसहाशेच्या आसपास रुग्णांची हाडं मोजली, तेव्हा चाचणीच्या सुरुवातीलाच 18 टक्के पुरुषांना आणि 30 टक्के बायकांना अस्थिभंगुरता होती. पण त्या चाचणीत घेतलेले सगळे आजी-माजी धूम्रपान करणारे होते. दिवसाला एक कप चहातलं दूध मिळणारी, चाळीस किलोची, कधी बिडीला हात न लावलेली बाई त्यात नव्हती. तिचं हाड वेगळ्या आकड्यांत मोजावं लागेल, आणि ते मोजण्यासाठी गावांची वही तयार आहे, फुंकायचं मशीन तयार आहे. डेक्सा मात्र शहरात आहे. दौंडहून पहाटेची गाडी धरून पुण्याला जाणं धापेच्या रुग्णाला सोपं नाही, म्हणून मशीन गावाकडे नेऊनच हे काम करावं लागेल.

ताटानं फुप्फुसाच्या आजाराचं भवितव्य बदलतं का, असं मला तरुण डॉक्टर विचारतात. क्षयाच्या बाबतीत उत्तर मिळालं आहे. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेल्या चाचणीचे निकाल 2023 साली आले. रुग्णाच्या घरातल्या माणसांना धान्य आणि डाळ दिल्यावर त्यांच्यात क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. सीओपीडी आणि हाडांसाठी अशी चाचणी आपल्याकडे व्हायला हवी, आणि ती भीमेच्या दोन्ही काठांवर व्हावी असं मला मनापासून वाटतं.

कारण इथं एक गोष्ट फार सलते. हा दुधाचा पट्टा आहे. पहाटे पाच वाजता गावात शिरलं तर दर दुसऱ्या गोठ्यात धार काढत बसलेली बाई दिसते. चरवी भरते, चरवीतून दूध कॅनमध्ये जातं, कॅन मोटारसायकलला अडकवून संकलन केंद्रावर जातो, तिथं फॅट लागतो आणि दहा दिवसांनी बिल येतं. घरात राहतं ते चहापुरतं. पूर्वी शिफारस केलेलं कॅल्शियम दिवसाला 600 मिलिग्रॅम होतं. 2020 साली आयसीएमआरनं मोठ्यांसाठी ते 1,000 केलं, आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी 1,200. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण 120 मिलिग्रॅम असतं. दोन कप दूध प्यायलं तर चारशेच्या वर जातं. बाजरीत लोह बरं असतं, कॅल्शियम थोडं. ज्या बाईनं रोज दहा-बारा लिटर दूध काढलं तिच्या हाडाला त्यातलं पन्नास मिलिलिटर मिळतं. तिला हे समजत नाही असं नाही. त्या बिलावर पोरांची फी आणि पेंडीची उधारी भागते.

म्हणून मी आता चिठ्ठीवर 'सकस आहार घ्या' असं लिहीत नाही. त्या तीन शब्दांनी कुणाच्या ताटात काही वाढत नाही. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते तशी एरवी का करत नाही, हे विचारते. कारळ्याची आणि तिळाची चटणी, शेंगदाणा-गूळ, अंडं, मोड आलेली मटकी, परसातला राजगिरा. एका वेळी थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, म्हणजे पोट फुगून श्वास अडत नाही. सकाळी ऊन वर आल्यावर अर्धा तास ओट्यावर, हातावरचा पदर बाजूला करून. ड जीवनसत्त्व कमी असेल तर औषध द्यावंच लागतं. स्टेरॉइडची गोळी तीन महिन्यांहून जास्त चालली असेल तर हाडांचं औषधही विचारात घ्यावं लागतं. एक मात्र कळकळीनं सांगते, हे वाचून कुणी आपली गोळी अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. आणि पंप सोडू नका. पंपातून जाणारं औषध गोळीच्या मानानं अगदी थोडं असतं. "पंपाची सवय लागते" म्हणून पंप टाळायचा आणि त्यापायी इंजेक्शनं घेत राहायची, यात हाडांचं जास्त नुकसान होतं.

माझ्या खोलीच्या दारामागे आता भिंतीवर एक पट्टी लावलेली आहे, शाळेत असते तशी. आलेल्या प्रत्येकाची उंची वजनाआधी घेतली जाते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली की पाठीचा बाजूनं एक्स-रे. आणि प्रत्येक बाईला मी विचारते, लुगडं किंवा साडी पायात येते का. पाचवारी नेसणाऱ्या सांगतात, निऱ्या आता वर खोचाव्या लागतात.

आजी यंदा आषाढात आल्या, सुनेला घेऊन. सून पाच महिन्यांची गरोदर होती. तपासून झाल्यावर मी दुधाचं विचारलं. सून सासूकडे बघायला लागली. आजी म्हणाल्या, "कॅन भरायच्या आधी एक तांब्या बाजूला काढते मी. तिचा येगळा, माझा येगळा." मग त्या उठून स्वतःच दारामागे गेल्या, पट्टीला पाठ लावून टाचा टेकवल्या, आणि म्हणाल्या, "बघ बरं, किती हाय."

मी बघितलं. गेल्या खेपेइतकीच होती.