तिकोनी काच

पावसाळ्याचे चार महिने कोंकणांतल्या घरावर जीं संकटें येतात, त्यांत बुरशीची गणना कोणी फारशी करीत नाहीं. पापडाला आली तर पापड टाकावे, चपलेवर आली तर चप्पल उन्हांत ठेवावी, एवढ्यावर भागतें. आमच्यावरचा प्रसंग निराळा होता. वडिलांच्या पश्चात् तीन वर्षें जांभ्याच्या गाडीखान्यांत उभी असलेली त्यांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आम्हीं गेल्या आश्विनांत उघडली, आणि आंतून असा कांहीं कुबट वास आला कीं आम्ही दोन पावलें मागें सरलों.

गाडी आम्हीं जपून ठेविली आहे, असें आम्ही तोंवर सर्वांस सांगत आलों होतों. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हां तर हा अभिमान अंमळ वाढलाच. जपणें म्हणजे काय, तर सर्व काचा घट्ट लावून वरून ताडपत्री आवळणें! त्या ताडपत्रीखालीं बैठकींवर हिरवट पांढरी लव उठली होती. छताच्या कापडावर काळे ठिपके पडले होते.

आम्हीं उतावळेपणानें कोरडें फडकें घेऊन झटकावयास सुरुवात केली. बुरशीचे बीजाणू नाकातोंडांत गेले आणि दोन दिवस शिंकण्यांत गेले. मग ब्लीचिंग पावडरीचें पाणी एका कोपऱ्यावर लावून पाहिलें. तेथला रंग उडाला, तो आजही दिसतो. अखेर गाद्या शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिरास बोलाविलें. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि म्हणाला, “साहेब, बुरशी रेग्झिन खात नाहीं. त्याच्यावरचा मळ खाते.”

हें वाक्य ऐकून आम्हीं पुन्हा आंत पाहिलें. मागच्या बैठकीवर, जेथें आम्ही भावंडें बसत असूं, तेथें लव विरळ होती. आईच्या जागेवर थोडी अधिक. परंतु वडिलांची पाठ जेथें टेके तेथें, कोपर ठेवावयाच्या दाराच्या पट्टीवर, आणि स्टिअरिंगवर त्यांचे दोन्ही हात जेथें असत नेमक्या त्या दोन जागीं, ती सायीसारखी दाट होती. त्यांच्या हातांचें तेल आणि पाठीचा घाम तिला पुरला होता. ओलें फडकें हातांत घेऊन आम्ही कितीतरी वेळ तसेच उभे होतों.

कारागिराला असल्या विचारांशीं कर्तव्य नव्हतें. गाडी अंगणांत ढकलून चारी दारें उघडलीं. नाकावर पट्टी बांधून, बारीक गाळणीच्या यंत्रानें आधीं सगळी लव ओढून घेतली. साध्या यंत्रांतून बीजाणू मागच्या बाजूनें पुन्हा बाहेर पडतात. नंतर निम्मा व्हिनेगर, निम्मे पाणी, आणि घट्ट पिळलेलें फडकें. छताला तर फडकें नुसतें टेकवावयाचें, घासावयाचें नाहीं. खरा गुन्हेगार पायाखालीं निघाला. रबरी चटईखालचें नमद्याचें अस्तर पिळलें तर पाणी गळावें असें भिजलें होतें. पुढच्या काचेचें रबर तडकलेलें, आणि दारांच्या तळाचीं पाणी जाण्याचीं भोकें मातीनें बुजलेलीं. अस्तर फेकलें, भोकें तारेनें मोकळीं केलीं, रबर नवें बसविलें. हवेंतील दमटपणा ६० टक्क्यांच्या खालीं राहिला तर बुरशी सहसा माजत नाहीं म्हणतात. आमच्याकडे श्रावणांत तो ९० च्या घरांत असतो, तेव्हां तेवढा एक उपाय आम्हांस उपलब्ध नव्हता.

पांचव्या दिवशीं आई गाडींत येऊन आपल्या जागेवर बसली. वडिलांच्या तपकिरीचा वास गेला होता. व्हिनेगराचा तेवढा उरला होता. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हात लांब करून तिनें पुढच्या दाराची लहानशी तिकोनी काच बोटभर उघडली.

“पावसाळाभर हे एवढी उघडी ठेवीत,” ती म्हणाली.

“मग तूं आम्हांला सांगितलें कां नाहींस?”

“तुम्ही ताडपत्री बांधलीत तेव्हां मला विचारलेंत कुठें?”

आम्हीं उतरून दुसऱ्या बाजूची काच उघडली. ती गंजून घट्ट बसली होती. तेल घालावें लागलें.