उजवा हात वर

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. नातेवाइकांना फोनवरून 'ह्याला कोर्टात उभं केलं' एवढंच कळलंय, तेव्हा एकदा सगळी हकिगत सांगूनच टाकतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले होते. बाबा म्हणजे एसटीचे चालक, सातारा डेपो, ३३ वर्षं. खंबाटकीचा घाट झोपेतही उतरतील, पण माझ्या शेजारी बसले की पाय सारखा नसलेल्या ब्रेकवर! त्या दिवशी चाळीस मैलांच्या रस्त्यावर मी चोपन्नने चाललो होतो. मागे लाल-निळे दिवे लागले. गाडी कडेला घेतली तसे बाबा म्हणाले, "उतर, साहेबांशी बोलून घे." मी म्हटलं, "बाबा, इथे उतरायचं नसतं. हात दिसतील असे ठेवा फक्त." ते हात मांडीवर ठेवून गप्प बसले.

पोलिसाने सही घेऊन तिकीट दिलं. ही सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हजर राहण्याचं वचन. मूळ दंड ३५ डॉलर, पण त्यावर राज्याचे, काउंटीचे, कोर्टाचे अधिभार चढून आकडा दोनशेच्या वर जातो. शिवाय लायसन्सवर एक पॉइंट, म्हणजे विमा महागणार. मी ठरवलं, लढायचं.

बाबांनी एकच विचारलं, "चोपन्न होती की नव्हती?"

"होती."

"मग भांडायचं काय?"

त्यांना समजावता समजावता मलाच नीट समजलं. 'नॉट गिल्टी' म्हणजे 'मी केलं नाही' असं नव्हे. 'सिद्ध करा' एवढंच. इथे घरबसल्या लेखी जबाब देऊनही खटला लढवता येतो, पण 'खोटं लिहिलं असल्यास शिक्षेस पात्र' अशा मजकुराखाली सही करावी लागते. वेगाबद्दल मला काही लिहायचंच नव्हतं. माझा मुद्दा वेगळा होता. अशा रस्त्यावर रडारने पकडायचं तर तिथली वेगमर्यादा ठरावीक मुदतीत केलेल्या सर्वेक्षणावर आधारलेली लागते. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात, तो वेग त्यात मोजतात. सर्वेक्षण नसेल किंवा जुनं झालं असेल, तर कायदा त्याला 'स्पीड ट्रॅप' म्हणतो आणि रडारचा पुरावा बाद होतो. हे बाबांना फार आवडलं. "म्हणजे चालवणाऱ्याला विचारून मर्यादा ठरवतात!"

पोलीस आलाच नाही तर खटला बहुधा रद्द होतो, या आशेवर अर्धं कोर्ट बसलेलं असतं. आमचा आला. फाइल घेऊन. सगळ्यांना एकदमच उजवा हात वर करून शपथ घ्यायला सांगितली. मागे वळून पाहतो तर प्रेक्षकांत बाबांचाही हात वर!

मी सर्वेक्षण मागितलं. पोलीस "येस सर" म्हणाला आणि त्याने प्रमाणित प्रत काढून दिली. मुदतीतली. चार मिनिटांत माझा खटला संपला. जज्जने विचारलं, आणखी काही सांगायचंय? 'नो, युअर ऑनर' पाठच केलं होतं; गप्प बसायचा हक्क होता. पण मागे तो न सांगता वर गेलेला हात होता. म्हणालो, "सर्वेक्षण पाहायचं होतं, पाहिलं. वेगाबद्दल माझी तक्रार नाही." अर्थातच दोषी. दंड गेला, पण ट्रॅफिक स्कूलची परवानगी मिळाली, म्हणजे पॉइंट विमा कंपनीपर्यंत जाणार नाही.

बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोलिसानेही हात वर केला ना रे?"

"हो, शपथ त्यालाही असते."

"आणि तू विचारलंस, तर त्याला उत्तर द्यावं लागलं."

"हो."

"मलाही एकदा असंच विचारायचं होतं."

कोणाला, कधी, काय, काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. घरी येईपर्यंत काटा चाळीसच्या आत ठेवण्यातच मी गुंतलो होतो. आता वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं.

असो. काका, आत्या, तुमच्यापैकी कोणाला ती गोष्ट माहीत असेल तर कळवा. नाहीतर पुढच्या फोनला मीच विचारीन.