श्रोत्याचा झाला वक्ता

ज्ञान हे गुप्तधनासारखे पुरून ठेवावे, की पाणपोईच्या पाण्यासारखे वाटसरूंपुढे ठेवावे? अहिल्यानगर जिल्ह्याच्या भूमीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी ऐकले आहे. इ. स. १२९० मध्ये प्रवरेच्या काठी, नेवासे येथे, ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. आणि मूठभर पंडितांचे धन सर्वांचे झाले.

संगणकाच्या जगातही असे दाते आढळतात. संकेतस्थळ रचून त्यावर आपले लेखन प्रसिद्ध करण्यासाठी उपयोगी पडणारी ‘वर्डप्रेस’ ही प्रणाली २७ मे २००३ रोजी प्रथम प्रकाशात आली. एकोणीस वर्षांचा अमेरिकन तरुण मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल हे तिचे जनक. दुसऱ्याने खुल्या ठेवलेल्या कामावर त्यांनी ती उभारली, आणि तीही खुलीच ठेवली. कोणीही ती वापरावी, तपासावी, सुधारावी आणि इतरांस द्यावी. आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात.

या प्रणालीचे जाणकार व जिज्ञासू ठिकठिकाणी एकत्र जमतात. त्या मेळाव्यास ‘वर्डकँप’ म्हणतात. पहिला मेळावा २००६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरला. पुढे पुणे, नाशिक, नागपूर येथेही असे मेळावे झाले. गावच्या सप्त्याला घरोघरच्या भाकरी याव्यात, तसा येथे जो तो आपल्या ज्ञानाचा वाटा घेऊन येतो. आयोजक व वक्ते त्याचा मोबदला घेत नाहीत.

नगरकडचा एखादा तरुण पहाटेच्या एसटीने पुणे गाठतो. पहिल्या वर्षी तो शेवटच्या रांगेत बसून टिपणे घेतो. पुढच्या खेपेस मात्र त्याला स्वतःलाच बोलावयाचे असते. ओठ कोरडे पडतात. ‘खेड्यातून आलेल्या मुलाने या जाणत्यांना काय सांगावे?’ ही शंका मन पोखरते. अखेर गावच्या शाळेचे संकेतस्थळ रचताना आपण कोठे अडलो आणि कसे सुटलो, तेवढेच तो साध्या शब्दांत सांगतो. सभा लक्षपूर्वक ऐकते. मग एक प्रश्न येतो. त्याचे उत्तर त्याला येत नाही. काही तरी ठोकून देणे सोपे असते. पण तो म्हणतो, ‘‘हे मला ठाऊक नाही.’’ लगेच सभेतील एक जण उठून उत्तर देतो, आणि वक्ता तेथल्या तेथे पुन्हा श्रोता होतो.

अशा मेळाव्यांत पुष्कळदा एक दिवस केवळ सेवेसाठी राखलेला असतो. त्या दिवशी कोणी प्रणालीतील दोष शोधतो, तर कोणी तिच्यातील सूचना आपल्या भाषेत आणतो. मराठीतील वर्डप्रेस अशाच स्वयंसेवकांच्या श्रमाने घडले आहे.

संध्याकाळी तो तरुण परतीच्या एसटीत बसतो. त्याने दिले थोडे. वहीत मात्र पुष्कळ काही भरून आणले. पुढच्या वर्षी शेवटच्या रांगेत दुसरा कोणी तरी बसलेला असेल. त्याला कोठे अडेल, हे आता याला ठाऊक आहे.