नखांची परीक्षा

आम्ही शाळामास्तर होतों तेव्हां दर सोमवारीं प्रार्थना आटोपल्यावर मुलांचीं नखें तपासण्याचा आमचा शिरस्ता असे. एका विद्यार्थ्याचीं नखें नेहमींच जाड, पिवळट व टोंचे मारल्यासारखीं दिसत. त्यास आम्हीं सर्व वर्गासमक्ष 'घाणेरडा' म्हटलें व बाकावर उभें केलें. तो कांहीं न बोलतां हात पाठीमागें लपवून उभा राहिला. ही गोष्ट आम्ही विसरून गेलों होतों; निवृत्तीनंतर आमच्याच नखांनीं तिची आठवण करून दिली.

प्रथम तर्जनीच्या नखावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे पडले. व्याकरणांत 'नख' या शब्दाचा विग्रह 'ज्यास ख म्हणजे छिद्र नाहीं तें' असा करितात. तो शिकविणाऱ्याच्याच नखांस छिद्रें पडावीं, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पुढें नखाखालीं तेलाच्या थेंबासारखा तांबूस-पिवळा डाग उमटला, नख टोंकाकडून सुटूं लागलें व खालीं भुकटी सांचली. घरांत कोणी नायटा म्हणे, कोणी बुरशी. सूनबाईनें मुलांच्या काळजीनें आमचा पंचा निराळा ठेविला. तिचा दोष नव्हे. रोगाचें नांवच घरांत कोणास ठाऊक नव्हतें. नातवंडांच्या पंक्तीस वाढावयाचें आम्हीं आपण होऊन सोडलें. दुकानांतून बुरशीचें मलम आणून वर्षभर लावलें, गुण शून्य.

अखेर चिरंजीवांनीं त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं नखाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासविला, बुरशी नव्हती. हा नखांचा सोरायसिस. यांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच त्वचेवर उलटते. पंचानें, स्पर्शानें वा पंक्तीनें तो कोणास लागत नाहीं. नंतर त्यांनीं विचारलें, "सकाळीं बोटें आंखडतात काय?" नखाशेजारचा सांधा सुजत होता खरा, आम्ही त्यास वार्धक्य समजत होतों. नखांच्या सोरायसिसाबरोबर सांध्यांचा विकार पुष्कळदां येतो, व वेळीं आळा न घातल्यास सांधे कायमचे झिजतात, हें त्या दिवशीं कळलें.

उपचारांच्या पायऱ्या आहेत. थोडींच नखें बिघडलीं असल्यास तीव्र स्टेरॉइडचें मलम, किंवा त्याबरोबर ड जीवनसत्त्वाच्या जातीचें कॅल्सिपोट्रिऑल, नखाच्या मुळाशीं व सुटलेल्या भागाखालीं कांहीं महिने लावितात. मात्र स्टेरॉइडनें कातडी पातळ होते, म्हणून वैद्यकीय देखरेख हवी. मुळाशीं स्टेरॉइडचें इंजेक्शनही देतात. तें बरेंच दुखतें. अनेक नखें वा सांधे ग्रासले असल्यास मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या देतात. ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. यकृत व रक्त यांची तपासणी वरचेवर करावी लागते, व मद्य वर्ज्य. त्यानेंही न भागल्यास ॲडालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब यांसारखीं जैविक इंजेक्शनें आहेत; तीं महाग असून त्यांपूर्वीं क्षयाची तपासणी आवश्यक असते.

सांध्यामुळें आम्हांस गोळ्याच दिल्या. दिनदर्शिकेवर रविवारींच खूण करण्याचें काम नातीकडे आहे. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. म्हणून तें नवें येण्यास सहा महिने, पायाच्या नखास वर्ष-दीड वर्ष लागतें. तोंवर नखें आंखूड ठेवावीं, खालची भुकटी कोरूं नये, नखानें डबे उघडूं नयेत. इजा झाली कीं रोग बळावतो. दहा महिन्यांनीं आमची मूठ मिटूं लागली आहे. दोन नखांवर खळगे मात्र अद्यापि आहेत. रोग समूळ जात नाहीं, आटोक्यांत राहतो, एवढें समाधान पुरेसें आहे.

आमचा पंचा आतां पुन्हां सर्वांच्या पंचांबरोबर वाळतो. परंतु बाकावर उभा केलेला तो मुलगा डोळ्यांपुढून हालत नाहीं. त्यास हाच रोग होता असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. पण त्यास एकदांही विचारलें नाहीं, हें खरें. घरांतील कोणाचीं नखें अशीं दिसल्यास, वाचकहो, आधीं वैद्यांस दाखवा. नांवें मागाहून ठेवा.